वाचकांचे प्रश्न : रोमन सुवर्णनाण्यांवरील सम्राट आणि देवता

गेल्या अंकात रोमन साम्राज्याच्या सोन्याच्या नाण्यांविषयी लेख प्रसिद्ध झाल्यानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत. नाण्याच्या दोन्ही बाजू एकत्र वाचल्याखेरीज नाणे कळत नाही, हा मुद्दा पुढील उत्तरांत वारंवार येईल. तो मुद्दामच येऊ दिला आहे, कारण बहुतेक पत्रांत केवळ सम्राटाच्या मुद्रेविषयी विचारणा होती आणि मागच्या बाजूची देवता नुसती नक्षी समजली गेली होती.

प्रश्न : रोमन सोन्याच्या नाण्याचे वजन किती असे? त्या काळी त्याची किंमत काय होती आणि ती आजच्या रुपयांत सांगता येईल का? (एक विद्यार्थी, पुणे)

या नाण्याला ‘ऑरियस’ म्हणत. रोमन प्रजासत्ताकाच्या काळात सोन्याची नाणी क्वचितच, युद्धासारख्या निकडीच्या प्रसंगी पाडली जात. मोठ्या संख्येने ती पाडण्यास ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४६ मध्ये सुरुवात केली. एका रोमन पौंडातून, म्हणजे सुमारे ३२५ ग्रॅम सोन्यातून, तेव्हा ४० नाणी निघत, त्यामुळे एका नाण्याचे वजन आठ ग्रॅमच्या आसपास भरे. व्यास साधारण दोन सेंटिमीटर, आणि सोन्याचा कस ९८ टक्क्यांच्या वर. नीरोने इ.स. ६४ च्या सुमारास पौंडातून ४५ नाणी काढण्यास सुरुवात केली, काराकालाने ५०, डायोक्लेशियनने ६०, आणि कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकाच्या आरंभी ७२ नाण्यांचे प्रमाण ठरवून साडेचार ग्रॅमचे ‘सॉलिडस’ हे नवे नाणे सुरू केले.

या घसरणीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चांदीच्या नाण्यात रोमन सम्राटांनी तांब्याची भेसळ वाढवत नेली, पण सोन्याचे वजन कमी केले तरी त्याचा कस शक्यतो बिघडू दिला नाही. रोमपासून हजारो कोस दूर असलेल्या व्यापाऱ्याचा या नाण्यावर विश्वास बसला, त्याचे हे मोठे कारण आहे.

एका ऑरियसचे २५ चांदीचे देनारियस होत आणि १०० पितळी सेस्टर्स. आजच्या रुपयांत किंमत सांगायची तर आठ ग्रॅम सोन्याचा बाजारभाव सांगता येईल, परंतु त्यातून धातूची किंमत कळते, त्या काळातील ऐपत कळत नाही. त्यापेक्षा पगाराशी तुलना अधिक उपयोगी पडते. ऑगस्टसच्या काळात पायदळातील शिपायाला वर्षाला २२५ देनारियस, म्हणजे नऊ ऑरियस मिळत, तेही तीन हप्त्यांत. याचा अर्थ एक सोन्याचे नाणे म्हणजे सुमारे ४० दिवसांची चाकरी. रोजच्या भाजी-भाकरीच्या व्यवहारात ते कुणी मोडत नसे. सैन्याचा पगार, जमिनीचे सौदे, दूरचा व्यापार आणि साठवण ही त्याची कामे. जर्मनीतील ट्रिअर येथे १९९३ मध्ये बांधकामासाठी खोदकाम चालू असताना अडीच हजारांहून अधिक ऑरियसचा साठा सापडला, त्याचे वजन साडेअठरा किलो भरले. एवढे धन एकाच ठिकाणी पुरलेले पाहिले म्हणजे हे नाणे मुख्यतः कोणत्या कामासाठी होते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

प्रश्न : नाण्याच्या मागील बाजूस असलेली देवता कोणती, हे कसे ओळखावे? आणि सम्राटाच्या पाठीमागे देवता कशासाठी? (एक वाचिका, नाशिक, तसेच आणखी काही पत्रे)

ओळखण्याची रीत आपल्याला परकी नाही. आपण मूर्तीच्या हातातील आयुधांवरून आणि वाहनावरून देव ओळखतो, रोमन नाण्यांनाही तोच नियम लावावा. पंख असलेली, हातात पानांचे वर्तुळाकार कडे आणि ताडाची फांदी घेतलेली ती व्हिक्टोरिया, म्हणजे विजयदेवता. एका हातात जहाजाचे सुकाणू आणि दुसऱ्या हातात फळा-फुलांनी ओसंडणारे शिंग असेल तर ती फॉर्च्युना, भाग्यदेवता. ऑलिव्हची डहाळी घेतलेली ती पॅक्स, म्हणजे शांती. तराजू धरलेली ती एक्विटास अथवा मोनेटा, आणि तिचा संबंध खऱ्या तोलाशी व टाकसाळीशी. ताटलीतून सापाला काही भरवणारी ती सालस, म्हणजे आरोग्य आणि सुरक्षितता. गव्हाच्या ओंब्या आणि मशाल घेतलेली सेरेस, मोराजवळ उभी असलेली जुनो, शिरस्त्राण घालून ढाली-चिलखतांच्या राशीवर बसलेली रोमा. बहुतेक वेळा देवतेचे नाव शेजारी कोरलेले असते, त्यामुळे आयुध झिजले असले तरी अक्षरे मदतीला येतात.

आता ‘कशासाठी’ हा प्रश्न. यांतील जुनो, सेरेस या देवळांत पुजल्या जाणाऱ्या जुन्या देवता होत. शांती, एकोपा, सुरक्षितता, न्याय्य तोल या मात्र मुळात कल्पना, त्यांना स्त्रीरूप देऊन देवता केलेले. त्यांपैकी कोणती देवता केव्हा छापायची, हे राजकीय गरजेवर ठरे. दर्शनी बाजूला सम्राटाचे मस्तक आणि नाव असे, मागची बाजू त्याच्या नावाने काहीतरी सांगत असे. नाणे हातोहात फिरत प्रांताप्रांतांत पोहोचे, आणि ज्या काळात वर्तमानपत्रे नव्हती त्या काळात सम्राटाचा चेहरा लोकांना दिसण्याचे ते सर्वांत सोपे साधन होते.

दोन उदाहरणे देतो. इ.स. ६४ मध्ये रोमला भीषण आग लागली, आणि शहराचा पवित्र अग्नी जिथे जपला जाई ते व्हेस्टा देवीचे मंदिर त्यात जळाले. त्यानंतर नीरोने काढलेल्या एका ऑरियसवर मागच्या बाजूस हे वर्तुळाकार मंदिर आहे, खांबांच्या मधोमध देवी बसलेली आहे आणि वर तिचे नाव आहे. दुसऱ्याच वर्षी नीरोला ठार मारण्याचा कट उघडकीस आला, आणि त्या सुमारास त्याच्या सोन्याच्या नाण्यांवर आसनस्थ सालस आणि ‘रक्षक ज्युपिटर’ दिसू लागतात. नाण्यातून सांगितले जात आहे ते असे की सम्राट सुखरूप आहे आणि देवांनी त्याला वाचवले आहे.

दुसरे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. नीरोच्या मृत्यूनंतर इ.स. ६९ या एका वर्षात गॅल्बा, ओथो, व्हिटेलियस आणि व्हेस्पेशियन असे चार सम्राट झाले. त्यांतील ओथो जेमतेम तीन महिने गादीवर होता. त्याच्या नाण्यावर डहाळी घेतलेली शांतीदेवता उभी आहे आणि भोवती अक्षरे आहेत ‘पॅक्स ऑर्बिस तेर्रारुम’, म्हणजे अखिल पृथ्वीवर शांती. हे नाणे टाकसाळीत पडत असताना ऱ्हाईनच्या बाजूने व्हिटेलियसचे सैन्य इटलीवर चालून येत होते. एप्रिलमध्ये बेड्रियाकम येथे ओथोच्या सैन्याचा पराभव झाला आणि त्याने स्वतःच्या हाताने प्राण दिला. त्यामुळे नाण्यावरील देवता ही त्या वेळची वस्तुस्थिती समजून वाचू नये. सम्राटाला काय हवे होते किंवा लोकांनी काय मानावे अशी त्याची इच्छा होती, ते तिच्यावरून कळते. शांती, एकोपा आणि सैन्याची निष्ठा यांचा नाण्यांवर वारंवार उच्चार होऊ लागला की त्या काळात नेमकी त्याचीच वानवा असावी, अशी शंका अभ्यासकाने अवश्य घ्यावी.

प्रश्न : अक्षरे इतकी तुटक का असतात? ती वाचता येण्यासाठी लॅटिन शिकावे लागेल का? (एक वाचक, सोलापूर)

जागा अपुरी असल्यामुळे पदव्यांची आद्याक्षरेच कोरली जात, आणि दहा-बारा संक्षेप पाठ केले की बहुतेक नाणी वाचता येतात. ‘इंप’ म्हणजे इंपेरातोर, विजयी सेनापती, हीच पुढे सम्राटाची उपाधी झाली. ‘अव्ग’ म्हणजे ऑगस्टस, ‘पी एम’ म्हणजे मुख्य पुरोहित, ‘पी पी’ म्हणजे राष्ट्रपिता, ‘दिवुस’ अथवा ‘दिवा’ म्हणजे मृत्यूनंतर देवपद दिलेली व्यक्ती. ‘उ’साठी इंग्रजी ‘व्ही’सारखे अक्षर वापरलेले असते, हे मात्र लक्षात ठेवावे. सर्वांत उपयोगी संक्षेप म्हणजे ‘टी आर पी’. ही अधिकारपदाची खूण असून त्या पदाचे दरवर्षी नूतनीकरण होई, त्यामुळे पुढे आकडा असल्यास नाणे कोणत्या वर्षी पडले हे सांगता येते.

प्रश्न : सम्राज्ञींची नाणीही असत असे ऐकले. त्यांना खरोखर काही अधिकार होता की तो केवळ मान होता? (एक प्राध्यापिका, औरंगाबाद)

सम्राज्ञींची सोन्याची नाणी भरपूर आहेत. अधिकाराविषयी सर्वांना लागू पडेल असे एक उत्तर देता येत नाही, परंतु काही नाण्यांवर अधिकाराची चढ-उतार अक्षरशः मोजता येते. नीरोची आई ॲग्रिपिना हिचे उदाहरण घ्या. इ.स. ५४ मध्ये सतरा वर्षांही पूर्ण न झालेला नीरो गादीवर आला, तेव्हाच्या ऑरियसवर आई आणि मुलगा यांची मस्तके समोरासमोर, एकमेकांकडे पाहणारी, सारख्याच आकाराची आहेत. इतकेच नाही, तर दर्शनी बाजूभोवती नाव आहे ते ॲग्रिपिनाचे. नीरोचे नाव मागील बाजूस, ओकच्या पानांच्या चक्राभोवती गेले आहे. पुढच्याच वर्षीच्या नाण्यावर दोघांची मस्तके एकाच दिशेला पाहतात, नीरो पुढे आहे आणि आईचा चेहरा त्याच्या आडून थोडासा डोकावतो. दर्शनी बाजूवर आता मुलाचे नाव आले आहे, आईचे नाव मागे गेले आहे. त्यानंतरच्या नाण्यांवर नीरो एकटा आहे. इ.स. ५९ मध्ये त्याने आईचा खून करवला. दरबारातील या घडामोडी इतिहासकारांनी पुढे लिहून ठेवल्या, पण त्यांचा क्रम आधीच सोन्यात नोंदला गेला होता. ही दोन नाणी शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखा धडा नाणेशास्त्रात क्वचितच मिळेल.

थोरली फॉस्टिना ही अगदी वेगळी गोष्ट. अँटोनायनस पायसची ही पत्नी इ.स. १४० च्या सुमारास वारली, तिला देवपद देण्यात आले, आणि रोमच्या मुख्य चौकात तिच्यासाठी बांधलेले मंदिर आजही उभे आहे. त्यानंतर पायसने आणखी वीसेक वर्षे राज्य केले आणि या सर्व काळात ‘दिवा फॉस्टिना’ या नावाने तिची नाणी पडत राहिली. ती हयात असतानाच्या नाण्यांपेक्षा मृत्यूनंतरची नाणी कितीतरी अधिक आहेत. नाणे जवळून पाहिले तर तिच्या केसांच्या वेण्या मागून वर नेऊन डोक्यावर अंबाड्यासारख्या गुंडाळलेल्या दिसतात, आणि ठसा कोरणाऱ्याने वेणीचा पेड न् पेड वेगळा काढलेला असतो. मागील बाजूस कधी सेरेस, कधी जुनो, कधी चिरंतनतेची देवता इटेर्निटास. म्हणजे एका बाजूला देवी झालेली राणी आणि दुसऱ्या बाजूला तिला सोबत देणारी देवी, अशी ही जोडी आहे.

सेप्टिमियस सेव्हेरसची पत्नी ज्युलिया डोम्ना ही सिरियातील एमेसा नगरीतली. तिसऱ्या शतकाच्या अगदी आरंभीच्या एका ऑरियसवर पुढे सेव्हेरस आहे, आणि मागच्या बाजूस मधोमध थेट आपल्याकडे पाहणारी ज्युलिया, तिच्या दोन्ही अंगांना एकमेकांकडे तोंड करून काराकाला आणि गेटा हे दोन मुलगे. भोवती अक्षरे आहेत ‘या युगाचे सुख’. बाप इ.स. २११ मध्ये वारला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस काराकालाने धाकट्या भावाला आईच्या देखत मारविले. पुढे गेटाचे नाव आणि चेहरा शिलालेखांतून व चित्रांतून खरवडून काढण्याचा हुकूम झाला. दगडावरून नाव खरवडता आले, परंतु साम्राज्यभर पसरलेली आणि घरोघर पुरलेली सोन्याची नाणी गोळा करणे कोणालाही शक्य नव्हते.

प्रश्न : भारतात सापडलेल्या काही नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव आहे. हा द्वेषापोटी घातला असेल का? (एक वाचक, बेळगाव)

आपला रोख तमिळनाडूतील पुदुकोट्टई भागात १८९८ मध्ये सापडलेल्या साठ्याकडे असावा. त्यात ऑगस्टसपासून व्हेस्पेशियनपर्यंतची ५०१ ऑरियस होती आणि त्यांतील बहुतेकांवर, सम्राटाच्या मस्तकावर, धारदार हत्याराचा एक सरळ घाव आहे. काहींच्या मते हा सोन्याचा कस पाहण्यासाठी घातलेला घाव आहे. मला हे पटत नाही. कस पाहायचा तर घाव कडेवर किंवा कोणत्याही बाजूवर चालला असता. येथे तो नेमका मस्तकावरच आहे, मागील बाजूच्या देवतेला सहसा धक्का लागलेला नाही. परक्या राजाची मुद्रा मोडून ते ‘नाणे’ म्हणून बाद करावे आणि केवळ तोलाचे सोने म्हणून ठेवावे, हा त्यामागचा हेतू अधिक संभवतो. सोने कामाचे होते, राजा कामाचा नव्हता. द्वेष मानण्याचे कारण दिसत नाही, कारण याच दक्षिण भारतात अनेक ठिकाणी रोमन सोन्याची नाणी भोक पाडून किंवा नाके जोडून गळ्यात घातलेली आढळतात, आणि त्यांची हुबेहूब नक्कल करून, भोवती निरर्थक अक्षरे कोरून, स्थानिक कारागिरांनी नवी नाणीही बनवली आहेत.

एवढे सोने येथे आले कसे, हेही काहींनी विचारले आहे. मिरी, मोती, तलम कापड, हस्तिदंत यांच्या बदल्यात ते आले. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने तक्रारीच्या सुरात लिहिले आहे की भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. हिशेब केला तर ते पाच लाख ऑरियस, म्हणजे साडेतीन ते चार टन सोने होते. प्लिनीला रोमन श्रीमंतांच्या चैनीवर टीका करायची होती आणि सगळे देणे सोन्यातच चुकते होत नसे, त्यामुळे हा आकडा खातेवहीसारखा वाचू नये. तरीही व्यापाराचा आवाका त्यावरून कळतो. त्याच प्लिनीने श्रीलंकेच्या राजाची एक हकीकत दिली आहे. वाऱ्याने भरकटून तेथे पोहोचलेल्या एका रोमन माणसाजवळची देनारियस नाणी राजाने पाहिली, आणि वेगवेगळ्या मुद्रा असूनही सर्वांचे वजन सारखेच आहे हे पाहून रोमन लोकांच्या सचोटीविषयी त्याचे मत चांगले झाले. हकीकत चांदीच्या नाण्यांची असली तरी परदेशी मुद्रेकडे आपल्या बाजूचे लोक कोणत्या नजरेने पाहत, ते तिच्यातून उमगते.

प्रश्न : मग महाराष्ट्रात अशी नाणी का सापडत नाहीत? आपली बंदरे तर प्रसिद्ध होती. (कल्याण, चौल व कोल्हापूर येथील वाचक)

मुळीच सापडत नाहीत असे नाही, परंतु तमिळनाडू, केरळ आणि आंध्र यांच्या तुलनेत ती फार थोडी आहेत, हे खरे. बंदरांविषयी आपले म्हणणे बरोबर आहे. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गाच्या वर्णनात सोपारा, कल्याण आणि चौल यांचा उल्लेख आहे, पैठण आणि तेर या आतल्या बाजारपेठांचाही आहे. भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत रोमन सोन्या-चांदीची नाणी आहेत, आणि स्थानिक चलनाशी त्यांची अदलाबदल करताना नफा होतो, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे पैसा येत होता. येथे तो नाण्यांच्या रूपात टिकला नाही, आणि त्याचे सर्वांत संभाव्य कारण असे की क्षत्रप आणि सातवाहन या राज्यांचे स्वतःचे चलन जोरात चालू होते, त्यामुळे परके नाणे बाजारात तसेच फिरण्याऐवजी आटवले जाई. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा मिळाला, त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा वरून उमटवला आहे. नहपानाच्या या नाण्यांवर राजाचे मस्तक आहे आणि भोवती ग्रीक अक्षरे आहेत, ही धाटणी बाहेरून आलेली आहे.

सोन्याच्या व्यवहाराचा लेखी पुरावा पाहायचा असेल तर नाशिकच्या पांडवलेण्यांत, १० व्या लेण्यात जावे. नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात ७०,००० कार्षापणांच्या, म्हणजे त्या काळच्या चांदीच्या नाण्यांच्या, दानाची नोंद आहे, आणि ३५ कार्षापणांना एक सुवर्ण या दराने ते २,००० सुवर्ण होतात, असा दरही दिला आहे. हे ‘सुवर्ण’ म्हणजे रोमन ऑरियस की कुषाणांचे सोन्याचे नाणे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझ्या दृष्टीने दर दिलेला असणे हेच महत्त्वाचे, कारण सोन्या-चांदीचा भाव ठरवून व्यवहार करणारा बाजार गोदेच्या खोऱ्यात होता, हे त्यातून सिद्ध होते.

कोल्हापूरच्या वाचकांनी आपल्याच गावच्या ब्रह्मपुरी टेकडीची आठवण ठेवावी. तेथे मिळालेली समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे.

प्रश्न : गुप्त राजांच्या सोन्याच्या नाण्यांवरील लक्ष्मी रोमन देवतेवरून घेतली, हे खरे का? (एक वाचक, नागपूर)

थेट घेतली असे म्हणता येणार नाही, मध्ये एक पायरी आहे. भरल्या शिंगाची भाग्यदेवता ग्रीक जगात टायके, रोमन जगात फॉर्च्युना. कुषाणांच्या सोन्याच्या नाण्यांवर हेच शिंग इराणी परंपरेतील अर्दोक्षो या देवीच्या हातात येते. समुद्रगुप्ताच्या ध्वजधारी प्रकारच्या नाण्यावर सिंहासनावर बसलेली देवी अजून ते शिंग धरून आहे, आणि दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळापर्यंत सिंहासनाच्या जागी कमळ येते, शिंगाच्या जागीही कमळ येते आणि ती पूर्णपणे आपली लक्ष्मी होते. एक वस्तू हातातून जाऊन दुसरी येईपर्यंतच्या सर्व अवस्था नाण्यांवर पाहता येतात. याच ओघातले आणखी एक उदाहरण म्हणजे कुषाण राजा हुविष्काच्या काही नाण्यांवर शिरस्त्राण घातलेली ‘रिओम’ नावाची देवी आहे, तिला काही अभ्यासक रोमा देवीच मानतात.

प्रश्न : आमच्या पणजीच्या पुतळ्यांच्या माळेतील नाण्यांवर उभ्या मानवाकृती आहेत. ती रोमन असतील का? (एक वाचिका, सांगली)

आपण वर्णन केल्याप्रमाणे ती रोमन नसावीत. रोमन नाण्याच्या एका बाजूस जवळजवळ नेहमी मस्तक असते. पुतळीचे मूळ बरेच अलीकडचे आहे. व्हेनिस नगरराज्याने १२८४ पासून पाडलेले ‘डुकाट’ हे साडेतीन ग्रॅमचे नाणे व्यापारातून आपल्याकडे आले. त्याच्या एका बाजूस संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख आहे आणि दुसऱ्या बाजूस उभा ख्रिस्त. सोन्याच्या शुद्धतेमुळे हे नाणे लोकप्रिय झाले, आणि आपल्या सोनारांनी त्याच्या नकला करून माळा घडवल्या. नकलांत अक्षरांच्या नुसत्या रेघा होतात आणि आकृत्या ठोकळेबाज होतात. आपली नाणी भिंगाखाली धरून पाहावीत, अक्षरे वाचता येत असतील तर मूळ डुकाट असण्याची शक्यता आहे. एक कळकळीची विनंती, माळ उजळण्यासाठी देऊ नये आणि कोणत्याही परिस्थितीत आटवू नये. नकल असली तरी ती शे-दीडशे वर्षांची घडण असू शकते आणि तिचे मोल सोन्याच्या वजनाहून अधिक आहे.

प्रश्न : ख्रिस्ती धर्म आल्यावर या देवता नाण्यांवरून एकदम गेल्या का? (एक वाचक, वसई)

एकदम गेल्या नाहीत. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनच्या वंशजांच्या सॉलिडसवर जुनी राजधानी रोम आणि नवी राजधानी कॉन्स्टँटिनोपल या दोन नगरदेवता शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात. पंख असलेली व्हिक्टोरिया तर सर्वांत चिवट ठरली. तिच्या हातात ताडाच्या फांदीऐवजी लांब क्रूस आला आणि सहाव्या शतकापर्यंत ती हळूहळू देवदूत झाली. सातव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या जस्टिनियनने सोन्याच्या नाण्याच्या दर्शनी बाजूवर ख्रिस्ताची मुद्रा घातली आणि स्वतः मागील बाजूस गेला. सम्राटाने पुढची जागा सोडावी, ही त्या नाण्याच्या इतिहासातील मोठीच घटना होती.

प्रश्न : इंटरनेटवर रोमन सोन्याचे नाणे विकत मिळते. खरे-खोटे कसे ओळखावे, आणि शेतात नाणी सापडल्यास काय करावे? (अनेक वाचक)

नाणी हाताने पडत असत. तापवलेली सोन्याची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वरून हातोड्याचा घाव घातला जाई, त्यामुळे चित्र थोडे एका बाजूला सरकलेले असणे, कडेला बारीक चिरा असणे हे स्वाभाविक आहे. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्यावर बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा मऊ आणि गोलसर असतात, आणि कडेभोवती सांध्याची रेघ आढळू शकते. धातूची घनता हे आणखी एक साधन. नाणे हवेत आणि पाण्यात तोलून घनता काढली तर उत्तम ऑरियससाठी ती १९ च्या जवळपास यायला हवी, आणि २२ कॅरट सोन्याची ती १८ च्याही खाली राहते. पण ठसे हुबेहूब कोरून खऱ्याच सोन्यात बनावट नाणी पाडणारेही होऊन गेले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील कार्ल विल्हेल्म बेकर याने युरोपातील जाणकार संग्राहकांना फसवले होते. म्हणून तज्ज्ञाला प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय, केवळ छायाचित्र पाहून पैसे देऊ नयेत.

नाणे खरे आहे एवढेही पुरत नाही, ते कोठून आले याचे कागद हवेत. सीझरला मारणाऱ्या ब्रूटसचे दोन खंजीर असलेले सोन्याचे नाणे २०२० मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ४२ लाख डॉलरना विकले गेले. पुढे त्याच्या मालकीचा इतिहास बनावट असल्याचे उघड झाले आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करण्यात आले. आपल्याकडे १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुराणवस्तू ठरते, तिचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही.

शेतात किंवा घराच्या पायात नाणी सापडली तर १८७८ च्या भूमिगत धनाच्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे, आणि लपवणे हा गुन्हा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नाणी जिथे, ज्या भांड्यात, ज्या थरात मिळाली तिथून ती शक्यतो हलवू नयेत, धुऊ नयेत, वाटून घेऊ नयेत. साठ्यातील सर्वांत अलीकडच्या नाण्यावरून तो कधी पुरला याचा अंदाज बांधता येतो, आणि साठ्यातले एक नाणे जरी सोनाराकडे गेले तरी तो अंदाज चुकू शकतो. अशी नाणी पाहण्याची इच्छा असलेल्यांनी चेन्नईच्या शासकीय संग्रहालयातील रोमन नाण्यांचा संग्रह पाहावा, आणि नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेला भेट द्यावी. तेथे जुन्या नाण्यांचे संग्रहालयही आहे.